रबर किती वेळ शिजवायचं?

१८४३च्या सुमारास लंडनमध्ये टॉमस हॅन्कॉक रबराच्या अरुंद पट्ट्या वितळलेल्या गंधकात बुडवून बघत होता. सुरुवातीला पट्टीचा नुसता रंग बदलला. गंधक आत मुरलं होतं, पण रबराचा स्वभाव होता तसाच होता. मग त्यानं आच वाढवली. आता बाहेर आलेली पट्टी निराळीच निघाली. ताणून सोडली की ती मूळ लांबीवर येई, थंडीनं ताठरत नसे, उष्णतेनं चिकट होत नसे. तिचं विस्तवाजवळचं खालचं टोक मात्र काळं पडून शिंगासारखं टणक झालं होतं.

रबर तेच आणि गंधकही तेच, तरी एका पट्टीच्या दोन टोकांना दोन वेगळे पदार्थ तयार झाले होते. एक टायर, नळ्या आणि बुटांच्या तळव्यांसाठी योग्य, तर दुसरा म्हणजे एबोनाइट, ज्यापासून पुढे कंगवे आणि फाउंटन पेनं झाली. फरक होता तो कोणत्या भागाला किती उष्णता किती वेळ लागली एवढाच. तेव्हापासून आजपर्यंत रबर उद्योगाची कितीतरी बुद्धी एकाच प्रश्नावर खर्च झाली आहे: साच्यातला माल बाहेर कधी काढायचा? संगणकावर साच्याच्या आतलं तापमान आणि रबराची पक्वता आधीच मांडून बघण्याचं आजचं तंत्र हे त्याच प्रश्नाचं सर्वांत ताजं उत्तर आहे. ते उत्तर नीट समजायचं तर प्रश्न किती जुना आणि किती अवघड आहे हे पाहावं लागतं.

रबराच्या झाडाचा चीक माणसाला फार पूर्वीपासून माहीत होता. मेक्सिकोतल्या व्हेराक्रूझजवळ एल मनाती इथे सापडलेले रबरी चेंडू इसवी सनापूर्वी १६०० इतके जुने मानले जातात. तिथले लोक कॅस्टिला झाडाच्या चिकात एका वेलीचा रस मिसळत, त्यामुळे रबर अधिक लवचीक होई. युरोपात रबर आलं ते अठराव्या शतकात, आणि १८२३ साली चार्ल्स मॅकिंटॉशनं दोन कापडांच्या मध्ये रबराचा थर देऊन पावसाळी कोटाचं पेटंट घेतलं. पण कच्चं रबर ऋतूचं गुलाम होतं. कडाक्याच्या थंडीत ते लाकडासारखं व्हायचं आणि उन्हाळ्यात त्याचा लगदा व्हायचा.

अमेरिकेत १८३३ साली स्थापन झालेल्या रॉक्सबरी इंडिया रबर कंपनीनं बूट, कोट आणि गाड्यांची छतं विकायला काढली तेव्हा लोकांच्या उड्या पडल्या. दोन उन्हाळे गेले आणि विकलेला माल वितळून, दुर्गंधी मारत परत येऊ लागला. भांडवल गुंतवलेल्या अनेकांचं दिवाळं वाजलं. याच पडझडीच्या काळात न्यू हेवनचा चार्ल्स गुडइअर नावाचा कर्जबाजारी माणूस रबराच्या नादी लागला. त्यानं मॅग्नेशिया मिसळून पाहिलं, चुना मिसळून पाहिला, नायट्रिक आम्लाचा हात फिरवून पाहिला. पोस्टखात्यासाठी त्यानं केलेल्या टपालाच्या पिशव्याही उष्म्यात बिघडल्या.

गंधकाची वाट त्याला नॅथनिएल हेवर्डनं दाखवली. १८३९मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या वूबर्न इथे गंधक मिसळलेलं रबर तापलेल्या शेगडीला लागलं आणि वितळण्याऐवजी चामड्यासारखं करपलं, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. तिच्यापुढची गोष्ट कमी सांगितली जाते, आणि कारागिरीच्या दृष्टीनं तीच खरी मोलाची. त्या करपलेल्या तुकड्याच्या कडेला एक अरुंद भाग ना कच्चा ना जळलेला असा उतरला होता. सगळा तुकडा त्या कडेसारखा कसा करायचा हे शोधण्यात गुडइअरची पुढची वर्षं गेली. त्यानं घरच्या चुलीवर, भट्टीत, किटलीच्या वाफेवर, गरम वाळूत प्रयोग केले. शेवटी दाबाखालच्या वाफेत सुमारे १३२ अंश सेल्सियसला चार ते सहा तास ठेवलं तर सर्वांत एकसारखा माल निघतो, इथवर तो पोचला. १५ जून १८४४ रोजी त्याला अमेरिकी पेटंट क्रमांक ३६३३ मिळालं. हॅन्कॉकनं इंग्लंडमध्ये त्याआधीच, नोव्हेंबर १८४३मध्ये अर्ज केला होता. गुडइअरनं पाठवलेले नमुने त्याच्या हाती आले होते आणि त्यांवरचा गंधकाचा अंश त्यानं ओळखला होता. या प्रक्रियेला रोमन अग्निदेवतेवरून व्हल्कनायझेशन हे नाव सुचवलं ते हॅन्कॉकचा मित्र विल्यम ब्रॉकडन यानं. गुडइअर १८६०मध्ये वारला तेव्हा त्याच्या डोक्यावर सुमारे दोन लाख डॉलरचं कर्ज होतं.

उष्णता दिल्यावर रबरात नेमकं काय होतं? कच्च्या रबरात लांबच लांब रेणूंच्या साखळ्या एकमेकींत गुंतलेल्या, पण मोकळ्या असतात. ताणल्या की त्या एकमेकींवरून घसरतात. तापवल्यावर गंधकाचे अणू दोन साखळ्यांमध्ये पूल बांधतात. असे पूल पुरेसे झाले की साखळ्या घसरू शकत नाहीत. ताण सुटला की त्या जागेवर येतात. पूल कमी पडले तर माल लिबलिबीत राहतो, दाबला की दबलेलाच राहतो. पूल फार झाले तर तो टणक आणि ठिसूळ होतो. नैसर्गिक रबराला तर आणखी एक खोड आहे. जास्त तापमानाला जास्त वेळ ठेवलं तर बांधलेले पूलच तुटू लागतात आणि माल पुन्हा मऊ पडतो. कारखान्यात त्याला रिव्हर्जन म्हणतात.

खरी अडचण जाडीची आहे. रबर उष्णता फार सावकाश वाहतं. साच्याच्या पोलादाच्या तुलनेत त्याची उष्णतावहनक्षमता शंभराहून अधिक पटींनी कमी असते. शिवाय उष्णता आत पोचायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. दोन्ही बाजूंनी तापवलेल्या ५ मिलिमीटरच्या पट्टीत मध्यापर्यंत ऊब पोचायला साधारण एक मिनिट लागत असेल, तर ५० मिलिमीटरच्या ठोकळ्यात त्याच्या शंभरपट, म्हणजे दीड-पावणेदोन तास लागतात. मोठ्या आचेवर टाकलेलं जाड थालीपीठ वरून करपतं आणि आत पिठूळ राहतं, तीच गत. फरक इतकाच की थालीपीठ मोडून बघता येतं. रबरी माल मोडून बघितला तर तो विकता येत नाही.

एकोणिसाव्या शतकातल्या कारखान्यांकडे या अडचणीवर दोनच उपाय होते: घड्याळ आणि फोरमनचा हात. वाफेचा दाब ठरलेला, वेळ ठरलेली, आणि बाहेर आलेल्या मालात नख रुतवून किंवा तो ताणून पाहायचा. जाड वस्तूंसाठी आणखी एक युक्ती रूढ झाली. एकाच वस्तूचे नग वेगवेगळ्या वेळांना प्रेसमधून काढायचे आणि कापायचे. प्रेस उघडून दाब गेला की आतल्या अर्धकच्च्या भागात अडकलेली हवा आणि ओलावा फुगतात आणि तिथे बुडबुड्यांची जाळी दिसते. ज्या वेळेला ही जाळी नाहीशी होते तो किमान वेळ. त्यावर अंदाजानं काही मिनिटं वाढवायची आणि नियम ठरवून टाकायचा. ब्लो-पॉइंट या नावानं ही चाचणी टायर उद्योगात आजही चालते.

पक्वतेला पहिल्यांदा आकडा देण्याचा मान कार्ल ओटो वेबर या रसायनशास्त्रज्ञाला जातो. त्याचं रबराच्या रसायनशास्त्रावरचं पुस्तक १९०२ साली आलं. शंभर भाग रबराशी किती भाग गंधक प्रत्यक्ष जोडलं गेलं हे मोजून त्यानं व्हल्कनायझेशनचा गुणांक मांडला. आता दोन कारखाने एकमेकांच्या मालाबद्दल हाताच्या जाणिवेपलीकडे जाऊन बोलू शकत होते.

आणि लगेचच परिस्थिती बदलली. ओहायोतल्या ॲक्रन शहरात डायमंड रबर कंपनीत काम करणाऱ्या जॉर्ज ओएन्सलागरला १९०६मध्ये दिसलं की ॲनिलीन आणि त्यापासून तयार होणारं थायोकार्बॅनिलाइड मिसळलं की व्हल्कनायझेशन कितीतरी वेगानं होतं. त्याचा मूळ हेतू स्वस्तातल्या जंगली रबराला ब्राझीलच्या उत्तम पारा रबराची गुणवत्ता देण्याचा होता. त्यातून सेंद्रिय प्रवेगकांचं युग सुरू झालं. १९२१मध्ये मर्कॅप्टोबेन्झोथायाझोल आलं आणि ते आजही वापरात आहे. नुसतं गंधक घातलेलं रबर १४० अंशांना पिकायला पाच तास लागत. जोडीला झिंक ऑक्साइड दिलं की तीन तास. थोडासा प्रवेगक घातला की हा वेळ काही मिनिटांवर आला.

प्रवेगकांनी उद्योगाला वेग दिला, पण चुकीला असलेली जागाही काढून घेतली. पाच तासांच्या शिजण्यात दहा मिनिटं इकडेतिकडे झाली तरी बिघडत नसे. पाच मिनिटांच्या शिजण्यात एक मिनिटही भारी पडतं. पूर्वी पृष्ठभाग सावकाश पिकत असल्यामुळे केंद्राला त्याला गाठायला वेळ मिळे. आता केंद्र गरम व्हायच्या आधीच पृष्ठभागाचं काम संपू लागलं. रसायनशास्त्र पुढे गेलं, पण रबरातून उष्णता जाण्याचा वेग तोच राहिला. पुढच्या साऱ्या मोजमापांची आणि गणितांची गरज या दरीतून निर्माण झाली.

एक संकट साच्याच्या आधीचंही होतं. मिक्सिंग मिलवर किंवा साच्यात वाहत असतानाच रबर पिकायला लागलं तर ते कानाकोपऱ्यात पोचत नाही, आणि माल वाया जातो. याला स्कॉर्च म्हणतात. युनायटेड स्टेट्स रबर कंपनीतले भौतिकशास्त्रज्ञ मेल्व्हिन मूनी यांनी १९३४मध्ये एक यंत्र मांडलं. तापवलेल्या पोकळीत रबर भरायचं, त्यात एक चकती सावकाश फिरवायची आणि तिला होणारा विरोध मोजायचा. रबराचा घट्टपणा जगभर मूनीच्या एककात सांगितला जातो तो तेव्हापासून. त्याच यंत्रावर विरोध कधी वाढू लागतो हे पाहून स्कॉर्चपर्यंतचा अवधीही कळू लागला. १९३०च्याच दशकात सल्फेनामाइड वर्गातले प्रवेगक आले. ते सुरुवातीला शांत राहतात आणि मग झपाट्यानं काम करतात, त्यामुळे साचा भरायला उसंत मिळते.

१९६०च्या दशकात मॉन्सॅन्टो कंपनीचा आंदोलक चकतीचा रिओमीटर बाजारात आला. त्यातली चकती पूर्ण फिरत नाही, काही अंशांत मागेपुढे डोलते. रबर पिकत जाईल तसा तिला लागणारा जोर वाढतो आणि कागदावर एक वक्र उमटतो: आधी थोडा उतार, मग सपाट काळ, मग चढण, शेवटी पठार. पठाराच्या ९० टक्के उंचीला पोचायला लागणाऱ्या वेळेला कारखान्यात टी-नाइन्टी म्हणतात. आजही रबर कंपन्यांच्या प्रयोगशाळांत हे वक्र काढणं हे नेहमीचं काम असतं. मॉन्सॅन्टोतच काम करणाऱ्या ए. वाय. कोरान यांनी १९६४मध्ये या वक्रातल्या सुरुवातीच्या विलंबाचं रासायनिक गणित मांडलं.

तरीही रिओमीटरचा नमुना पातळ असतो आणि सगळीकडे एकाच तापमानाला असतो. प्रत्यक्ष वस्तूत प्रत्येक बिंदूचं तापमान वेगळं, आणि प्रत्येक क्षणी बदलणारं. वक्रावरून वस्तूपर्यंत जायला गणिताचे दोन धागे एकत्र विणावे लागले. पहिला फ्रेंच गणिती जोसेफ फूरिए याच्या १८२२च्या ग्रंथातला, घन पदार्थातून उष्णता कशी पसरते हे सांगणारा. दुसरा स्वांटे अऱ्हेनियस या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञानं १८८९मध्ये मांडलेला, तापमानाबरोबर रासायनिक क्रियेचा वेग कसा वाढतो हे सांगणारा. रबरवाल्यांनी त्याचं सोपं रूप पाठ केलं होतं: तापमान १० अंशांनी वाढलं की वेळ साधारण निम्मा. वस्तूत थर्मोकपल पुरायचे, मिनिटामिनिटाला तापमान टिपायचं, प्रत्येक मिनिटाचं मोल या नियमानं काढायचं आणि बेरीज करायची. ही बेरीज म्हणजे त्या बिंदूची समतुल्य पक्वता. टायर कारखान्यांतल्या अभियंत्यांनी कितीएक वर्षं ही आकडेमोड कागदावर केली.

दोन्ही समीकरणं एकदम सोडवण्याची भरवशाची पद्धत रबराच्या बाहेरून आली. जॉन क्रँक आणि फिलिस निकल्सन या ब्रिटिश गणितज्ञांनी १९४७मध्ये उष्णतावहनाच्या समीकरणांची उत्तरं टप्प्याटप्प्यानं काढण्याची रीत प्रसिद्ध केली. त्यांच्यापुढचा प्रश्न नुसत्या उष्णतेचा नव्हता. पदार्थाच्या आत रासायनिक क्रिया चालू आहे, तापमान वाढलं की तिचा वेग वाढतो आणि त्या क्रियेचा परिणाम पुन्हा तापमानावर होतो, असा तो गुंता होता. एबोनाइटचा जाड ठोकळा शिजवणाऱ्याला हा गुंता चांगलाच ठाऊक होता. गंधकाचं प्रमाण जास्त असल्यामुळे एबोनाइट पिकताना स्वतःच बरीच उष्णता सोडतं, आणि आतला भाग साच्यापेक्षाही गरम होऊ शकतो. टायर-नळ्यांच्या मऊ रबरात ही उष्णता कमी असते, तरी हिशेबात धरावी लागते.

संगणक स्वस्त होत गेले तशी ही रीत कारखान्यात शिरली. १९८०च्या दशकात ॲक्रन विद्यापीठात अव्राम इसायेव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बदलत्या तापमानात रबर कसं पिकतं याची गणिती प्रतिकृती तयार केली, आणि साच्यात रबर इंजेक्शननं भरताना काय होतं हे त्यातून मांडता येऊ लागलं. आज अभियंता साच्याचा आराखडा लाखो छोट्या घटकांमध्ये विभागतो. हीटरच्या कांड्या कुठे आहेत, साचा किती वेळ उघडा राहतो, रबर कोणत्या वाटेनं आत शिरतं, अरुंद वाटेतून जाताना घर्षणानं किती तापतं, हे सगळं त्यात येतं. पहिलं पोलाद कापायच्या आधीच पडद्यावर दिसतं की कुठे हवा अडकणार, कुठे रबर वाटेतच पिकणार आणि कुठे कच्चं राहणार.

याचा उपयोग सर्वांत जास्त कुठे होतो? जिथे आत बघता येत नाही आणि चूक महाग पडते तिथे.

पुलांचे रबरी बेअरिंग हे त्याचं उत्तम उदाहरण. रबराचे थर आणि पोलादी पत्रे एकावर एक रचून ते साच्यात एकत्र शिजवतात, म्हणजे ठोकळा वजनाखाली चेपत नाही पण आडवा सरकू शकतो. इंग्लंडमधल्या लिंकन इथल्या पेल्हॅम पुलाखाली १९५७मध्ये असे बेअरिंग बसवले गेले. पुढे भूकंपापासून इमारती वाचवायला हीच कल्पना कामी आली. कॅलिफोर्नियातल्या रँचो कुकामोंगा इथलं न्यायालय संकुल १९८५मध्ये अशा बेअरिंगांवर उभं राहिलं. न्यूझीलंडच्या बिल रॉबिन्सन यांनी अशा बेअरिंगात शिशाचा गाभा घातला. २६ जानेवारी २००१च्या भूकंपात भूजचं रुग्णालय कोसळल्यावर नव्यानं बांधलेलं रुग्णालय या शिसे-रबर बेअरिंगांवर आहे. असा ठोकळा शिजायला तास न् तास लागतात. कडेचा थर रिव्हर्जनला पोचायच्या आत मधला थर पिकला पाहिजे आणि रबर प्रत्येक पत्र्याला घट्ट चिकटलं पाहिजे. इथे तापमान मुद्दाम कमी ठेवून वेळ वाढवणं शहाणपणाचं ठरतं. किती कमी आणि किती जास्त, हे गणित आधी सांगू शकतं.

टायरची कथा वेगळी. त्याचा सर्वांत जाड भाग खांद्याशी, तर बाजूची भिंत पातळ. बाहेरून साचा तापवतो, आतून वाफेनं किंवा गरम पाण्यानं फुगलेला ब्लॅडर. कारचा टायर दहा-पंधरा मिनिटांत निघतो, खाणीतल्या अजस्र डंपरच्या टायरला कित्येक तास लागतात. शिवाय प्रेसमधून निघाल्यावर टायर लगेच थंड होत नाही. साठलेल्या उष्णतेवर आतला भाग पिकतच राहतो. ही प्रेसबाहेरची पक्वता जुन्या नियमांत अंदाजानं धरलेली असे. गणितानं ती नेमकी मोजता आली आणि प्रेसमधला वेळ निर्धास्तपणे कमी करता आला. एकेका टायरमागे वाचलेलं अर्धं मिनिट म्हणजे दिवसाकाठी वाचलेली वाफ आणि जास्तीचे टायर.

महाराष्ट्राचा या उद्योगाशी संबंध जुना आहे. १९४०च्या सुमारास शिवडीला फायरस्टोनचा टायर कारखाना सुरू झाला आणि १९५८मध्ये भांडुपला सिएटचा. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये रबर उत्पादकांची संशोधन संस्था इर्म्रा आहे. नवी मुंबईत नोसिल ही कंपनी प्रवेगक आणि इतर रबर रसायनं बनवते. पुणे आणि नाशिकच्या वाहन कारखान्यांना लागणारे ऑइल सील, बुश, इंजिन माउंटिंग, होज असे भाग पुरवणारे लहानमोठे उद्योग त्यांच्याभोवती वाढले. मोठ्या टायर कंपन्यांना स्वतःचे अभियंते आणि सॉफ्टवेअर परवडतात. दहा-वीस प्रेस असलेल्या उद्योजकाला ते जड जातं, म्हणून तो आजही जुन्या वेळेवर दोन मिनिटं जास्तीची ठेवतो. ती दोन मिनिटं ग्राहकाला दिसत नाहीत, पण विजेच्या बिलात आणि रबराच्या कमी झालेल्या आयुष्यात ती असतातच. या उद्योजकापर्यंत हे तंत्र पोचवणं हे संशोधन संस्था आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांसमोरचं करण्याजोगं काम आहे. एखाद्या विद्यार्थ्यानं प्रकल्प म्हणून एका इंजिन माउंटिंगचं गणित करून दिलं तरी कारखान्याला त्याचा थेट उपयोग होतो.

गणिताला मात्र खरे आकडे लागतात. त्या रबराची उष्णतावहनक्षमता किती, कार्बन ब्लॅक घातल्यावर ती किती वाढली, तीन-चार तापमानांना काढलेले रिओमीटरचे वक्र कसे आहेत, साचा आणि रबर यांच्यामधून उष्णता किती सहज जाते, हे मोजून द्यावं लागतं. नैसर्गिक रबर शेतातून येतं. मळा आणि हंगाम बदलला की त्याचा स्वभावही थोडा बदलतो, म्हणून गेल्या वर्षीचे आकडे या वर्षी जसेच्या तसे चालत नाहीत. त्यामुळे काळजीपूर्वक काम करणारा अभियंता पडद्यावरचा रंगीत नकाशा तयार झाल्यावरही पहिल्या खेपेतला एक नग मधोमध कापतो, काठापासून केंद्रापर्यंत ठरावीक अंतरावर कडकपणा मोजतो आणि जिथे मोजलेला आकडा नकाशाशी जुळत नाही तिथून गणित पुन्हा तपासायला घेतो.